मंत्राची सामग्री: मजकुरी खेळांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू खेळात जादूगाराने मंत्र म्हटला की सर्व्हरला आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो: या मंत्राला लागणारे जिन्नस याच्याजवळ आहेत का? असतील तर मंत्र फळतो आणि जिन्नस खर्ची पडतात; नसतील तर मंत्र फसतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या कुणालाही हे एका ‘जर-तर’चे काम वाटेल, आणि पहिली आवृत्ती तेवढ्यात लिहून होतेही. पण तीच अट जरा थांबून वाचली की तिच्यात जग रचण्याचे जवळजवळ सगळे प्रश्न सापडतात. वस्तू म्हणजे काय? दोन वस्तू एकाच जातीच्या आहेत हे कुणी ठरवायचे? वस्तू नष्ट झाली म्हणजे नेमके काय झाले? नवी कुठून आली? आणि यातले खेळाडूला किती सांगायचे? ज्यांना या प्रश्नांची गोडी लागेल त्यांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे. इथे यायला चित्रकला लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. सी किंवा पायथनची तोंडओळख आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड सावकाश वाचायची तयारी एवढे पुरते.

या खेळांना ‘मड’ म्हणतात. पहिला मड इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. त्याच वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स यांचे ‘प्लेयर्स हँडबुक’ बाजारात आले. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे ते नियमपुस्तक. मंत्राला उच्चार, हस्तमुद्रा आणि सामग्री असे तीन भाग लागतात ही मांडणी त्यात सविस्तर आली. आगीचा गोळा फेकायचा तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची बारीक गोळी हवी. वीज पाडायची तर केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी हवी. यामागची खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा काढत असत, आणि सोरा व गंधक म्हणजे बंदुकीच्या दारूतले तीनांपैकी दोन घटक. केसाळ कातडे अंबरावर घासले की स्थिर वीज निर्माण होते. म्हणजे सामग्रीच्या यादीत त्या मंत्राचे पदार्थविज्ञान सांगून ठेवलेले होते. चांगली सामग्री मंत्राचा अर्थ सांगते, ही या परंपरेची पहिली शिकवण. मनात येईल तो जिन्नस मंत्राला चिकटवणाऱ्या रचनाकाराने ती आधी वाचावी असे मला वाटते.

त्याच परंपरेची दुसरी शिकवणही ध्यानात ठेवायला हवी. टेबलावरच्या खेळात या जिन्नसांचा हिशेब ठेवणे लोकांना जड गेले. पुढच्या आवृत्त्यांनी तो सैल करत नेला, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत असा नियम झाला की ज्या सामग्रीची किंमत दिलेली नाही तिच्याऐवजी एक थैली किंवा जादूची कांडी चालेल. किमती जिन्नस मात्र खरोखर जवळ हवेत. माणसाला कंटाळा येतो, यंत्राला येत नाही. संगणक प्रत्येक पाकळी न चुकता मोजू शकतो, आणि म्हणूनच कागदावर मागे पडलेला हा नियम मडमध्ये पुन्हा जिवंत झाला. पण मोजता येते म्हणून सगळेच मोजायचे का, हा प्रश्न आजही तिथेच उभा आहे.

आता वस्तूच्या ओळखीकडे येऊ. १९८९ मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात लार्स पेन्शो यांनी एलपीमड लिहिला. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील पाच विद्यार्थ्यांनी डिकूमड खुला केला. या दोन घराण्यांनी ‘लसूण म्हणजे काय?’ या प्रश्नाला दोन अगदी निराळी उत्तरे दिली.

एलपीमडमध्ये प्रत्येक वस्तू हा स्वतःचा छोटा प्रोग्राम असतो. तुझे नाव लसूण का, असे तिला विचारले की ती स्वतःच हो किंवा नाही म्हणते. मंत्राचा कोड जादूगाराजवळच्या वस्तूंना हाच प्रश्न विचारतो आणि पहिली ‘हो’ म्हणणारी वस्तू घेतो. यात लवचिकता मोठी आहे. रानलसूण, सुकवलेला लसूण, चांदीची पाकळी, सगळ्यांना ‘हो’ म्हणता येते. धोकाही तेवढाच मोठा. एलपीमडमध्ये वरच्या पायरीला पोचलेल्या खेळाडूंना स्वतः कोड लिहायचा अधिकार मिळे. त्यांपैकी एकाने आपल्या कोपऱ्यात फुकट मिळणारा दगड ठेवला आणि त्याला लसूण या नावाला ओ द्यायला शिकवले, तर दुसऱ्या रचनाकाराने मुद्दाम दुर्मिळ ठेवलेला लसूण कवडीमोल होतो.

डिकू घराण्यात प्रत्येक वस्तूच्या नमुन्याला एक क्रमांक असतो. त्याला व्हीनम म्हणतात. मंत्र विचारतो: या क्रमांकाची वस्तू आहे का? इथे लबाडीला जागा नाही, पण ताठरपणा येतो. डोंगरावरच्या गावात एका रचनाकाराने लसूण बनवला आणि बंदराच्या बाजारात दुसऱ्याने, तर दोघांचे क्रमांक वेगळे. खेळाडूच्या पडद्यावर दोन्ही ओळी अक्षरशः सारख्याच दिसतात, तरी एका लसणाने मंत्र चालतो आणि दुसऱ्याने नाही. खेळाडूच्या दृष्टीने हा अन्यायच, कारण त्याच्या जगात वर्णनाखेरीज वस्तूला दुसरे रूप नाही.

तिसरी वाट खुणांची. पायथनमध्ये लिहिलेल्या एव्हेनिया या आजच्या व्यवस्थेत वस्तूंना खुणा लावता येतात, आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या कारागिरीच्या भागात कृती लिहिताना खर्च होणारे जिन्नस आणि फक्त हाताशी लागणारी साधने यांच्या याद्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. कृती फसली तरी जिन्नस जातील की राहतील, हेही एका सेटिंगने ठरवता येते. स्वयंपाकात तांदूळ संपतो आणि पातेले उरते हा रोजचा भेद जुन्या मंत्रकोडात बहुधा नसे. इथे तो मुळातच मांडला आहे.

या प्रश्नाशी मराठी घरातला माणूस अनोळखी नाही. पूजेच्या सामग्रीची यादी गुरुजींनी दिलेली असते. तीतले वस्त्र किंवा अलंकार जवळ नसले तर त्यांच्याऐवजी अक्षता वाहतात आणि पूजा पुढे चालते. पण खुद्द अक्षताच नसल्या तर काय, याला त्या यादीत उत्तर नाही. मंत्रांची सामग्री लिहिणाऱ्याला नेमके हेच तीन थर ठरवावे लागतात: ज्याला पर्याय चालतो तो जिन्नस, ज्याला चालत नाही तो, आणि जो स्वतः सगळ्यांचा पर्याय आहे तो. हा तिसरा थर ठेवायचा असेल तर त्याचा पुरवठा फार सांभाळून ठेवावा लागतो, कारण बाकी सगळी दुर्मिळता त्याच्यावर तोललेली असते.

इतके बोलल्यावर एक खरे फंक्शन वाचू. डिकूच्या वंशातला सर्कलमड १९९३ मध्ये जेरेमी एल्सन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना प्रसिद्ध केला. त्याचा कोड नीटनेटका, टिपणांनी भरलेला आणि शिकणाऱ्याला पोटाशी धरणारा आहे. त्याच्या परवान्यानुसार त्यावर पैसे मिळवायला बंदी आहे, पण वाचायला, बदलायला, शिकवायला तो मोकळा आहे. माझ्या मते या विषयाचे त्याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही. त्याच्या जादूच्या फाइलीत ‘मॅग मटेरियल्स’ नावाचे फंक्शन आहे. त्याला तीन जिन्नसांचे क्रमांक द्यायचे, ते खर्च करायचे का हे सांगायचे, आणि खेळाडूला संदेश दाखवायचा का हे सांगायचे. वर टीप अशी आहे की मूळ खेळातला एकही मंत्र हे फंक्शन वापरत नाही, तुमच्या मंत्रांसाठी ते ठेवले आहे. म्हणजे पुढे येणाऱ्यासाठी मांडून ठेवलेले हे पान आहे, आणि किती जणांनी याच पानावर आपला पहिला मंत्र लिहिला असेल याचा विचार केला की मला त्या लेखकाविषयी कृतज्ञता वाटते.

फंक्शन जादूगाराजवळच्या वस्तूंची साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. पहिल्या जिन्नसाचा क्रमांक जुळला की ती वस्तू बाजूला नोंदते आणि त्या जागी उणे एक लिहिते. अजून हवा असलेला जिन्नस धन, मिळालेला उणे, मागितलाच नव्हता तो शून्य: एकाच चलात तीन अवस्था. शेवटी एखादा आकडा धन उरला असेल तर काहीतरी कमी आहे.

यात एक बारकावा आहे, आणि नव्या वाचकाने त्यावर जरूर रेंगाळावे. तिन्ही तुलना ‘नाहीतर जर’ने एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्या सुट्या नाहीत. समजा एका मंत्राला लसणाच्या दोन पाकळ्या हव्यात, म्हणजे पहिला आणि दुसरा क्रमांक एकच. साखळीतली पहिली पाकळी पहिल्या अटीत बसली की ‘नाहीतर’मुळे दुसरी अट तिच्यासाठी तपासलीच जात नाही, दुसऱ्या जागेसाठी दुसरी पाकळीच लागते. या तुलना सुट्या लिहिल्या असत्या तर एकच पाकळी दोन्ही जागी मोजली गेली असती आणि खेळाडूचे अर्ध्या खर्चात भागले असते. एका शब्दाचा फरक आहे, पण एक वस्तू एका वेळी एकाच कामी येते हा जगाचा नियम त्या एका शब्दावर उभा आहे.

दुसरी गोष्ट, फंक्शन फक्त हातातल्या वस्तू पाहते. पिशवीतल्या वस्तूंची साखळी वेगळी असते, ती ते उघडत नाही. अंगावर घातलेल्या वस्तूही पाहत नाही. तरीही मंत्र जमला की संदेश येतो तो जादूगाराच्या गाठोड्यातून धुराचा लोट उठल्याचा. पिशवीत शोधायचे ठरवले तर तोच शोध पिशवीतल्या पिशवीतही चालवावा लागतो. आणि मग प्रश्न येतो की कुलूप घातलेल्या पेटीतला लसूण जवळ आहे असे म्हणायचे का. माझे मत, म्हणू नये. ज्या वस्तूला हात घालता येत नाही ती मंत्राला उपयोगी पडू नये. पण याला दुसरी बाजू आहे, आणि खेळाडूच्या सोयीचा विचार करणारा रचनाकार वेगळे ठरवेल.

तिसरी गोष्ट नष्ट होण्याची. सर्कलमडमध्ये वस्तू माणसाकडून काढून घेणे हे एक फंक्शन आहे आणि ती जगातून नाहीशी करणे हे दुसरे. पहिल्याने वस्तू साखळीतून सुटते, पण संगणकाच्या स्मृतीत ती तशीच राहते: ती कुणाच्या हातात नाही, कुठल्या खोलीत नाही, तरी जगाच्या नोंदवहीत जिवंत. नव्या लेखकाला पहिले फंक्शन पुरेसे वाटते, कारण खेळाडूच्या यादीतून लसूण गेलेला दिसतो. याचा परिणाम किती दूर जातो ते पुढे पुरवठ्याच्या ओघात दिसेल.

आता ही अट कोडमध्ये कुठे घालायची? खेळाडूने आज्ञा दिली की सर्कलमड आधी मंत्र ओळखतो, लक्ष्य शोधतो, पुरेशी मंत्रशक्ती आहे का पाहतो, मग कौशल्याचा फासा टाकतो. फासा उलटा पडला तर एकाग्रता भंगते आणि निम्मी शक्ती वाया जाते. सुलटा पडला तर मंत्राचा परिणाम करणारे फंक्शन चालते आणि पूर्ण शक्ती वजा होते. बहुतेक जण सामग्रीची तपासणी परिणामाच्या फंक्शनमध्ये घालतात, कारण मंत्राचा बाकी कोड तिथेच असतो. त्यातून दोन घोटाळे होतात. पहिला, त्या फंक्शनमधून सामग्री नाही म्हणून मागे फिरले तरी वरच्या कोडला ते कळत नाही. तो यश मानून शक्ती कापतो. लसूणही नाही आणि शक्तीही गेली, अशी खेळाडूची दुहेरी हानी. दुसरा घोटाळा अधिक खोल. त्याच फंक्शनकडे मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, कांड्या, काढे आणि यंत्रचालित राक्षसही येतात. गुंडाळी वाचणाऱ्याकडे लसूण मागितला तर गुंडाळीला अर्थ राहत नाही, आणि गुहेतला मांत्रिक राक्षस सामग्रीअभावी मुकाट उभा राहतो. म्हणून तपासणी आज्ञेच्या पायरीवर, शक्तीच्या तपासणीशेजारी असावी, आणि खर्च फाशानंतर. फसलेल्या मंत्रात जिन्नस जावेत की राहावेत हा रुचीचा प्रश्न आहे; ते जायचे असतील तर सगळ्यांना आधी माहीत असावे, एवढाच माझा आग्रह.

काळाचाही एक पैलू आहे. डिकूचा सर्व्हर एका वेळी एकच आज्ञा पूर्ण करतो, तेव्हा तपासणी आणि खर्च यांच्यामध्ये दुसरे कुणी घुसू शकत नाही. पण मंत्राला काही सेकंद लागावेत असे ठरवले की ही सुरक्षितता संपते. जादूगार उच्चाराला सुरुवात करतो, तपासणी होते, आणि मधल्या क्षणांत तो लसूण मित्राच्या हाती देतो. आपण वस्तूचा पत्ता लिहून ठेवला असेल आणि तेवढ्यात ती नाहीशी झाली असेल, तर सी भाषेत तो पत्ता रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो आणि सगळा खेळ कोसळतो. एलपीमडच्या एलपीसी भाषेत नष्ट झालेल्या वस्तूचा संदर्भ आपोआप शून्य होतो, म्हणून तिथे निभावते. उपाय दोनच: सुरुवातीला जिन्नस काढून घ्यावा, किंवा शेवटी पुन्हा तपासावा. पहिल्याने जगाचा हिशेब सोपा राहतो. दुसऱ्याने खेळाडूला मन बदलायची मुभा मिळते.

आता पुरवठा. सर्कलमडचे जग झोनमध्ये विभागलेले असते, आणि प्रत्येक झोन ठरावीक मिनिटांनी पूर्ववत होतो. झोनच्या फाइलीत वस्तू मांडणारी ओळ असते. ती सांगते: अमुक क्रमांकाची वस्तू अमुक खोलीत ठेव, पण जगात तिचे अमुक इतके नग आधीच असतील तर ठेवू नको. हा शेवटचा आकडा त्या जगाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. लसणाची कमाल मर्यादा पाच असेल आणि पाचही पाकळ्या एका कंजूस जादूगाराच्या पिशवीत असतील, तर तो खेळत असेपर्यंत मळ्यात नवा लसूण उगवत नाही. कुणी मंत्र म्हणून एक खर्च केली की नोंदवहीतला आकडा उतरतो आणि पुढच्या फेरीत मळा पुन्हा फुलतो. आता वर सांगितलेली नष्ट होण्याची गोष्ट आठवावी. लेखकाने लसूण फक्त हातातून काढला आणि जगातून नाहीसा केला नाही, तर नोंदवहीतला आकडा कधीच उतरत नाही. पाच मंत्र झाले की लसूण त्या जगातून संपतो, आणि सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत तो कुणालाही मिळत नाही. जादूच्या फाइलीतल्या एका फंक्शनच्या निवडीमुळे दूरच्या खेड्यातला मळा ओसाड पडतो. या विषयाचे मला वाटणारे सगळे आकर्षण या एका धाग्यात आहे.

हाच प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर पुढे घडला. रिचर्ड गॅरिअट यांच्या १९८५ मधील ‘अल्टिमा ४’मध्ये आठ जिन्नस होते: गंधकाची राख, जिनसेंग, लसूण, कोळ्याचे रेशीम, रक्तशेवाळ, काळा मोती, नाइटशेड आणि मँड्रेकची मुळी. पैकी शेवटचे दोन दुकानात मिळत नसत. त्या जगातल्या दोन्ही चंद्रांची अमावास्या असताना ठरावीक जागी जाऊन ते शोधावे लागत. म्हणजे जिन्नसाच्या अटीत स्थळ आणि काळही गुंफलेले होते. १९९७ मध्ये हेच आठ जिन्नस ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हजारो खेळाडूंच्या सामायिक जगात आले. त्याचे मुख्य रचनाकार रॅफ कोस्टर त्याआधी लीजेंडमड या डिकूवंशी खेळात घडले होते. सुरुवातीला तिथली साधनसंपत्ती बंद चक्रासारखी होती: खर्च झालेले मूळ साठ्यात परत जाई आणि तिथूनच नवे निपजे. खेळाडूंनी साठेबाजी केली आणि चक्र आटू लागले. मग व्यवस्था बदलून एकीकडे ओतणारा नळ आणि दुसरीकडे वाहून नेणारी मोरी अशी केली गेली. या रचनेत मंत्राची सामग्री ही नियमित वाहणारी मोरी ठरते: जादूगार जितका सक्रिय, तितका त्याचा खर्च अधिक. मड लिहिणाऱ्याने हा इतिहास वाचला तर कमाल मर्यादेचा आकडा लिहिताना त्याचा हात थबकेल, आणि तसे थबकणे चांगले.

खेळाडूला किती सांगायचे, याबद्दल थोडक्यात. सर्कलमडमध्ये सामग्री कमी पडली तर तीनांपैकी एक संदेश येतो: नाकावर चामखीळ उगवते, केसांचे पुंजके गळतात, किंवा पायाच्या अंगठ्याला कुरूप होते. कोणता जिन्नस नव्हता हे सांगितले जात नाही. त्याच घराण्यात मंत्राचे खरे नाव फक्त त्याच वर्गातल्या पात्रांना ऐकू जाते; खोलीतल्या इतरांना त्याचे तुकडे बदलून भलतीच अक्षरे ऐकू येतात. गूढ राखायची ही रीत मला प्रिय आहे, पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. १९९९ च्या ‘अशेरॉन्स कॉल’मध्ये मंत्राच्या सामग्रीतील मेणबत्त्यांचे रंग प्रत्येक खेळाडूसाठी वेगळे ठरत, म्हणजे एकाची कृती दुसऱ्याला चालू नये. खेळाडूंनी त्यामागचे सूत्र शोधले आणि ते सोडवणारे प्रोग्राम लिहिले. गुपित जर सूत्रातून निघत असेल तर ते सूत्र कधीतरी सापडतेच. मला त्यापेक्षा अल्टिमाची अमावास्या अधिक टिकाऊ वाटते. ती सर्वांना ठाऊक झाली तरी रात्री तिथे जावे लागतेच.

जो इथून कामाला लागेल त्याने पहिला मंत्र दोन सारख्या जिन्नसांचा लिहावा, आणि मग तो मोडायचा प्रयत्न करावा: एकच पाकळी ठेवून पाहावे, दुसरी पिशवीत टाकून पाहावे, तोच मंत्र गुंडाळीवरून वाचावा, उच्चाराच्या मध्येच पाकळी देऊन टाकावी, शेवटी झोन पूर्ववत होऊ द्यावा आणि मळा पाहावा. या पाच चाचण्या पास झाल्या की वर लिहिलेले बहुतेक सगळे हाताला लागलेले असेल.

शेवटी एक काम असे आहे की ते मराठी जाणणाऱ्यालाच नीट करता येईल. सर्कलमडचा इनपुट वाचणारा भाग जुन्या इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचे प्रत्येक बाइट गाळतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे, आणि तिन्ही गाळले जाणारे. म्हणून देवनागरीत टाइप केलेली आज्ञा सर्व्हरला रिकामी ओळ दिसते. हा अडसर चाळणी बदलून दूर होतो, आणि एव्हेनियासारख्या नव्या व्यवस्थेत तो मुळात नाही. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. संदेशाचा साचा इंग्रजीत सोपा असतो, वस्तूचे नाव जागेवर बसवले की झाले. मराठीत गंधक जळाला, मुळी जळाली, जाळे जळाले; लसणाशिवाय, मोत्याशिवाय, जाळ्याशिवाय. डिकूच्या रचनेत पात्राला लिंग आहे, वस्तूला नाही. खेळाडूने ‘लसणाची पाकळी उचल’ लिहिले तर शब्द जुळवणाऱ्या कोडला ‘लसूण’ सापडत नाही. जिन्नसाच्या नोंदीत लिंग, वचन आणि सामान्यरूप यांचे तीन रकाने वाढवावे लागतील, साचा त्यांच्याकडे पाहून क्रियापद निवडेल असे करावे लागेल, आणि आज्ञा वाचणाऱ्या भागाला दोन्ही रूपे शिकवावी लागतील. यात जादू फारशी नाही, व्याकरण पुष्कळ आहे. शाळेत शिकलेली नामांची कोष्टके इथे थेट कोडमध्ये उतरतात. ते काम ज्याला खुणावत असेल त्याने सुरुवात अल्टिमाच्या आठ जिन्नसांपासून करावी, कारण त्यांच्या मराठी नावांत तिन्ही लिंगे मिळतात.